साळवे मॅडमची मोकळी जागा

साळवे मॅडम गेल्या तेव्हा त्यांच्या पुण्याच्या मंडळींनी एक स्मरणिका काढली. मला फोन आला, "नाना, मराठवाड्यात त्यांच्याबरोबर तुम्हीच जास्त काम केलंय. दोन पानं लिहून द्या." मी म्हणालो, आता काही आठवत नाही. ते खोटं होतं. त्याआधीही कोणी मॅडमचा विषय काढला की मी पावसापाण्याचं बोलायला लागायचो. असं करत बरीच वर्षं काढली.

पण मंठ्याकडच्या गावांत आजही त्यांचं नाव निघालं की कोणीतरी हमखास म्हणतं, "ती व्हय? जिच्या अंगात यायचं ती पुण्याची बाई." हे वाक्य पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघालं ते मला माहीत आहे. म्हणून आता लिहितो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं माणसं राहतात अजून.

मॅडम मूळच्या आमच्याच जिल्ह्यातल्या, परतूरकडच्या. वडील शाळामास्तर. एका मोठ्या बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि त्या पुण्यात निवृत्त झाल्या. तिथं निवृत्त बँकवाले, सीए, कंपन्यांचा पैसा सांभाळलेली माणसं, अशांचा एक गट होता. ही मंडळी फुकट काम करायची. आमच्यासारख्या खेड्यातल्या संस्थांना काम करता येतं, पण बँकेपुढं किंवा कंपन्यांच्या सामाजिक निधीवाल्यांपुढं ते मांडता येत नाही. हा गट आमचे प्रकल्प अहवाल बसवून द्यायचा, आणि शेवटी निधी देणाऱ्याला लिहून द्यायचा की हे काम उभं राहील. त्या शिफारशीवर सगळं अडलेलं असायचं. मी मंठ्यात बायकांच्या बचत गटांची संस्था चालवत होतो. आमच्या वाट्याला साळवे मॅडम आल्या.

पहिल्या दिवशी मी त्यांना घ्यायला स्टँडवर गेलो. जालन्याची गाडी आली, सगळी माणसं उतरली, त्यात मॅडम दिसल्या नाहीत. ड्रायव्हरला विचारलं, तो म्हणाला गाडी रिकामी झाली. परत ऑफिसात आलो तर लाइट गेलेली, खिडक्या लावलेल्या, आणि त्या अंधारात एक बाई जमिनीवर मांडी घालून आमची फाइल वाचत बसलेली. चपला दाराबाहेर जोडीनं ठेवलेल्या. किल्ली माझ्या खिशात होती. मागच्या दाराची कडी निघते हे नंतर ध्यानात आलं.

"या, बसा," त्या मला म्हणाल्या. माझ्याच ऑफिसात.

बाई ठेंगणी, सडपातळ. सुती साडी. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. आवाज इतका हळू की ऐकणारा आपोआप पुढं झुकायचा. आणि एक गोष्ट सगळ्यांना खटकायची, त्यांच्या पापण्या फार कमी हालायच्या. समोरचा बोलत असला की त्या त्याच्याकडं बघत राहायच्या, आणि त्याचं बोलून झाल्यावरही तशाच बघायच्या. मग माणूस जे सांगायचं नव्हतं तेही सांगून टाकायचा.

काम संपेपर्यंत चहा घ्यायच्या नाहीत. "चहा पिलं की पेन जड व्हतंय," म्हणायच्या. पिशवीत ज्वारीच्या लाह्या असत. जीप पाठवतो म्हटलं तर नको म्हणत. "जीपमधून गाव दिसत न्हाई, नाना. गावाला जीप दिसती." फाट्यावर उतरून चालत यायच्या. आपण वाट बघावी एका रस्त्याला, आणि त्या पाठीमागून येऊन उभ्या. साडीचा काठ धुळीनं पांढरा झालेला. पुण्यातल्या लोकांशी त्या स्वच्छ पुस्तकी बोलत. आमच्यात आल्या की दुसऱ्या वाक्याला परतूरच्या होऊन जात.

पण लोक त्यांना ओळखायचे ते मोकळ्या जागेमुळं.

कुठलीही बैठक असो, सतरंजीवर त्या आपल्या उजव्या हाताला एका माणसापुरती जागा सोडायला लावायच्या. तिथं कोणी बसायचं नाही. त्या जागेपुढं पाण्याचा तांब्या ठेवायचा. "पाव्हण्याला पानी नको का?" सगळं बोलणं संपलं, आकडे झाले, की त्या विचारायच्या, "कोन आलं न्हाई?" लोक म्हणायचे सगळे आलेत. मग त्या त्या मोकळ्या जागेकडं वळून, आपल्याशी बोलावं तितक्या साधेपणानं म्हणायच्या, "तुमचं काय म्हननं?" आणि थांबायच्या. खूप वेळ थांबायच्या. पंख्याची घरघर तेवढी ऐकू यायची. काही बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, मग हसू आपोआप बंद व्हायचं. मी स्वतः कित्येकदा त्या तांब्याकडं बघायचं टाळलं आहे.

एकदा मी विचारलं, हे कुठून शिकलात. म्हणाल्या, "बँकेत. प्रस्तावावर ज्याला कर्ज पाहिजे त्याची सही असती, देणाऱ्याची असती. ज्याचं त्याच्यामुळं वाकडं होनार, त्याची कुठंच नसती. मी बुडालेली कर्जं मागं जाऊन पाह्यली. ज्याला इचारायचं राह्यलं तिथूनच ती बुडालेली."

"पण तिथं तर कोणीच नसतं," मी म्हणालो.

"म्हनून तर इचारायचं."

राजूरला गणपतीच्या देवळापाशी एका संस्थेला चतुर्थीच्या गर्दीसाठी बायकांचं फराळाचं दुकान काढायचं होतं. मी सोबत गेलो होतो. मॅडमनी जागा सोडली, तांब्या ठेवला, प्रश्न विचारला. तेवढ्यात कुणाची तरी शेळी आत आली आणि नेमकी त्या जागेवर बसून तांब्यातलं पाणी प्यायला लागली. सगळा मांडव हसला.

"बसू द्या तिला," मॅडम म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. शेळीकडं बघत थांबल्या. हसणं विरलं, आणि एक बाई खाली मान घालून म्हणाली, "चपला सांभाळणारा म्हातारा आला न्हाई. दुकान त्याच्याच जागेवर व्हनार हाये."

मॅडम उठल्या आणि म्हाताऱ्याला घेऊन आल्या. पुढं तो त्याच दुकानाच्या गल्ल्यावर बसायला लागला. बायका त्याला चिडवायच्या, "बाबा, शेळीला इसरू नका, तिनं तुमची वकिली केली." ते दुकान चांगलं चाललं. हे सांगितलं ते एवढ्यासाठी, की मॅडमच्या रीतीत गूढ काही नव्हतं. गूढ आम्हाला वाटायचं.

आणि त्यांच्या घरात तर ते चालणारच नव्हतं. एकदा फाट्यावर गाडीची वाट बघताना सहज सांगितलं, "आमच्या आजीनं दीक्षेनंतर घरातले देव टोपल्यात घातले आन् दुधना नदीला सोडून आली. तवापासून आमच्या घरात ना देव आला ना भूत. दोघांचाबी खर्चा वाचला." तेव्हा मात्र हसल्या. हे त्यांनी मला सांगितलं होतं, मला ठाऊक होतं, हे वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

आमच्या गावच्या बायकांच्या गटाला डाळमिल काढायची होती. घरची तूर, घरचा हरभरा, व्यापाऱ्याकडं मातीमोलानं का घालायचा? एका कंपनीचा निधी मिळत होता, थोडं कमी व्याजाचं कर्ज. त्या मार्चच्या आत शिफारस गेली नाही तर निधी दुसऱ्या जिल्ह्यात जाणार होता. शेडसाठी जागा मी दिली होती, गावाच्या कडेची, आमच्या घराण्याची पडीक जागा. फुकट दिली म्हणून माझं कौतुक झालं. वडिलांच्या नावाची पाटीही मी रंगवून ठेवली होती.

मॅडम जागा बघायला आल्या त्या भर दुपारी. सावली पायाखाली गोळा झालेली, झाडावर पाखरू नाही. त्यांनी चपला काढल्या आणि त्या तापल्या जमिनीवर अनवाणी चालायला लागल्या. टाच आपटत, मान तिरपी करून. बांधावर आमचं कुत्रं बसलं होतं, ते काही केल्या आत येईना. मधोमध त्या थांबल्या. टाच पुन्हा आपटली.

"नाना, इथं पाय येगळा पडतोय."

"मुरूम असंल," मी म्हणालो.

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी आभाळाकडं बघितलं.

बैठक शाळेच्या व्हरांड्यात होती. गटातल्या सगळ्या बायका, दोनचार म्हातारे, मी. आकडे झाले. बायका खुशीत होत्या. मॅडमनी विचारलं, "कोन आलं न्हाई?" बायका म्हणाल्या, सगळ्या आल्यात. त्या मोकळ्या जागेकडं वळल्या, "तुमचं काय म्हननं?"

आणि कोणीतरी म्हणालं, "गोदी आली न्हाई."

हळू, पण स्पष्ट. बाईचा आवाज होता की म्हाताऱ्याचा, सांगता येत नाही. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. माझ्या शेजारची भागूबाई म्हणाली, "म्या न्हाई." तिनं समोरच्या वत्सलेकडं बोट केलं. वत्सला रडवेली होऊन म्हणाली, "माझ्या लेकराची आन, म्या तोंडबी उघडलं न्हाई." एक म्हातारा उठून तडक निघून गेला. नाव सगळ्यांनी ऐकलं होतं आणि उच्चारलं कोणीच नव्हतं.

मी बोललो नव्हतो. पण आता वय झालं, रात्रंदिवस तोच व्हरांडा डोळ्यापुढं आणला, आणि खरं सांगायचं तर तेही मी आता छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मॅडम काही दचकल्या नाहीत. "कोन बोललं ते ऱ्हाऊ द्या. गोदी कोन?"

भागूबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

"कुठं ऱ्हाती? मी भेटून येते."

वत्सला उठली आणि लेकराला काखेत मारून पळाली. तिच्यामागं बाकीच्या. तांब्या कोणाच्या तरी पायानं कलंडला. थोड्याच वेळात व्हरांड्यात मी आणि मॅडम दोघंच उरलो.

गोदी जाऊन तेव्हा जमाना झाला होता. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली, बौद्धांच्या घरातली बाई. एका कोरड्या साली तिच्या वस्तीचं पाणी आटलं, त्या जागेतल्या आमच्या विहिरीला होतं. त्या विहिरीत ती सापडली. पाय घसरला असं सांगतात. मला त्याहून जास्त माहीत नाही, आणि मी कधी माहीत करूनही घेतलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात विहीर बुजवली. दगडामातीच्या गाड्या मीच हाकल्या होत्या. तेव्हापासून गावानं ते नाव घेतलं नव्हतं. ती जागा पडीक राहिली ती काही नापीक म्हणून नाही.

मॅडम सरळ ओढ्यापलीकडं गेल्या. गोदीची लेक शेवंता तिथं राहायची. मोलमजुरी करणारी. आमच्या गटात वस्तीतली एकही बाई नव्हती, त्यामुळं तिला डाळमिलचं कोणी विचारलंच नव्हतं. आमच्याकडं चहाला न शिवणाऱ्या मॅडम तिच्याकडं भाकरी खाऊन आल्या. मी फाट्यावर थांबलो होतो.

"तिथं हीर हाये, नाना."

"व्हती."

"माती टाकून हीर जात न्हाई. हे मला तुमच्याकून कळायला पाह्यजे व्हतं."

मी गाडी दिसते का म्हणून रस्त्याकडं बघायला लागलो.

"चिडले न्हाई मी," त्या म्हणाल्या. "जागा बदला. ओढ्याकडच्या अंगाला घ्या, तिथली जमीन पक्की हाये. शेवंताला आन् वस्तीतल्या बायांना गटात घ्या. आठवड्याभरात कागद करून देते, मार्चच्या आत शिफारस जाईल. डाळमिल व्हईल तुमची."

इतकं सोपं होतं. मी म्हणालो, विचारतो गावात. विचारलं नाही. ओढ्याच्या अंगाला शेड घेणं म्हणजे ती विहीर होती हे मान्य करणं, आणि ती का बुजवली तेही कोणीतरी विचारणार. पाटीवर वडिलांचं नाव होतं.

मी पुण्याला त्यांच्या गटप्रमुखांना फोन लावला. माझं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं. "मॅडमच्या तब्येतीकडं जरा बघा साहेब. मोठ्या माणसाबद्दल बोलू नये. पण त्या रिकाम्या जागेशी बोलून राह्यल्यात. मेलेल्या बाईला भेटायला जाते म्हणाल्या. गावातल्या बाया भ्याल्या. अंगात येतंय म्हणतात." म्हणतात. तोपर्यंत तसं कोणीही म्हणालं नव्हतं. बाकीचा एकेक शब्द सुटा घेतला तर कोर्टातही खरा ठरला असता.

मग ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. आम्हालाही त्यांचं ते जागा सोडणं जरा विचित्रच वाटायचं."

आमचं काम दुसऱ्या माणसाकडं गेलं. त्यानं पुण्यात बसून लॅपटॉपवर फोटो बघितले आणि शिफारस करून टाकली.

पण मी सोडलेलं वाक्य गावात आपल्या पायांनी फिरायला लागलं. मी ते एकदाच, फोनवर बोललो होतो, ऑफिसात, बाहेर आमच्या गावच्या दोघीतिघी बसलेल्या होत्या. पंधरवड्यात ते मंठ्याच्या बाजारातून गावोगाव पोचलं. बुजवलेल्या विहिरीच्या जागेवर कोणीतरी भाकरी ठेवायला लागलं. हळदीकुंकू दिसायला लागलं.

मॅडम ऑफिसात शेवटच्या आल्या तेव्हा मी एकटाच होतो. त्या बसल्या नाहीत. पिशवीतून एक लिंबू काढून माझ्या टेबलावर ठेवलं. कुंकू लावलेलं.

"स्टँडवर एक बाई माझ्या पाया पडली," त्या म्हणाल्या. "सुनंला लेकरू व्हत न्हाई, इचारून सांगा म्हनली. कोनाला इचारू म्हनलं, तर म्हनती, तुमच्या अंगात येती तिला."

त्यांचा आवाज तसाच हळू होता. मी पुढं झुकलो नाही.

"हे कोनाचं, नाना?"

"अडाणी लोक मॅडम," मी म्हणालो. "काहीबी बोलतात."

त्या बघत राहिल्या. इतर वेळी माणसं इथंच बोलून जायची. मी नाही बोललो. मग त्यांनी दारात चपला घातल्या आणि गेल्या. लिंबू तिथंच राहिलं. मला ते फेकवेना आणि ठेववेना. टेबलावर ते सुकून काळं होईपर्यंत मी त्या टेबलाशी बसून सह्या केल्या.

पुण्यातल्या गटातही त्यांना नंतर फारसं काम दिलं जात नव्हतं, असं कळलं. कोणी वाईट बोलत नव्हतं. फक्त आदरानं बाजूला ठेवलं. ज्या घरानं देव आणि भूत दोन्ही नदीला दिले, त्या घरातल्या बाईच्या कपाळी मी हे चिकटवलं.

शेड उभी राहिली. उद्घाटनाला फोटो निघाले. पहिल्या मोठ्या पावसाळ्यात फरशीला मधोमध भेग पडली. भेग सरळ गेली नाही, वळत गेली, आणि पुन्हा स्वतःलाच येऊन मिळाली. बरोबर गोल. मग तेवढा गोल खाली बसला. आम्ही भर टाकली, काँक्रीट ओतलं. पुढच्या पावसात पुन्हा बसला, कडेनं कापून काढल्यासारखा. मशीन कोपऱ्यात हलवलं. जागा कमी पडली, म्हणून काम निम्म्यावर आलं.

बायका अजून तिथं डाळ भरडतात. कोणी सांगितलेलं नाही, पण त्या गोलात पाय ठेवत नाहीत. पोती घेऊन कडेकडेनं जातात. झाडतानासुद्धा झाडू त्या कडेपाशी येऊन थांबतो. नवी सून आली की तिला हातानं धरून वळसा घालायला शिकवतात. ती विचारते का, तर म्हणतात, "असंच." शेवंता अजून गटात नाही.

मॅडमना मी नंतर एकदाच बघितलं. बायकोचा डोळा दाखवायला जालन्याच्या दवाखान्यात गेलो होतो. थंडीचे दिवस, सकाळ उलटून गेलेली. अंगणातल्या बाकड्यावर एक म्हातारी बाई उन्हाला बसली होती. दोन्ही डोळ्यांवर काळा चष्मा. मनगट उलटं करून घड्याळावर बोट फिरवत होती, काच चाचपडत. त्यावरून ओळखलं.

मी परत फिरणार होतो. तेवढ्यात पावलांचा आवाज ऐकून त्या म्हणाल्या, "दादा, भाची औषध आनायला गेली. थेंबाची येळ झाली. टाकता का?"

मी बाटली घेतली. चष्मा काढला. इतकी वर्षं ज्या नजरेला टाळलं ते डोळे माझ्यासमोर उघडे होते, आणि त्यांना काही दिसत नव्हतं. एकेक थेंब टाकला. एक थेंब गालावर ओघळला, तो मी पुसला नाही, माझा हात तिथवर गेला नाही. त्यांनी डोळे मिटले.

"थोडा येळ मिटूनच ठेवायचेत," त्या म्हणाल्या.

मी शेजारी उभा होतो. अंगणात दुसरं कोणी नव्हतं. मी तोपर्यंत एक शब्दही बोललो नव्हतो.

डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी विचारलं, "डाळमिल चालती का?"

मी बाटलीचं झाकण घट्ट केलं. मग म्हणालो, "चालते."

त्यांनी मान हलवली. आणि मग त्या थांबल्या. बाकी काही विचारलं नाही, तोंड फिरवलं नाही, उठून गेल्या नाहीत. नुसत्या थांबल्या. मला जेवढा वेळ लागला असता त्याहून जास्त वेळ त्यांनी दिला.

मॅडम, विहीर मला माहीत होती. तुमच्याबद्दलचं ते वाक्य गावाचं नव्हतं, माझं होतं. माझं चुकलं. एवढंच होतं, आणि ते जिभेवर आलेलं होतं.

मी म्हणालो, "ऊन वाढलं. आत बसा."